जिथे नापास होता येतं

माझ्या धाकट्या भावाची पदवी आमच्या आईच्या कपाटात आहे, साड्यांच्या घड्यांखाली. लॅमिनेट केलेली, सोनेरी शिक्क्याची, वर उत्तरेकडच्या एका खाजगी विद्यापीठाचं नाव. गेली सहा वर्षं ती तिथून कुणी बाहेर काढलेली नाही. दूरशिक्षणाचं कुठलं विद्यापीठ भरवशाचं हे शोधत पुढे मी ज्या ऑफिसांच्या पायऱ्या चढले आणि ज्यांना ज्यांना प्रश्न विचारले, त्याची सुरुवात त्या कागदापासून झाली. म्हणून आधी त्याची गोष्ट.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. आमच्याकडे बारावी झाली की मुलगा खाणीवर लागायचा. भाऊ वजनकाट्यावर होता. भरलेला ट्रक काट्यावर आला की वजन टिपायचं आणि पावती फाडायची. माझ्या नवऱ्याचा स्वतःचा ट्रक होता, खनिज जेटीवर नेऊन ओतायचं काम. २०१२ साली खाणी पहिल्यांदा बंद पडल्या आणि दोघंही घरी बसले. पुन्हा कधी सुरू होतील याची रोज नवी बातमी यायची. तेव्हा भावाने ठरवलं की पदवी करायची, म्हणजे सरकारी नोकरीला तरी अर्ज टाकता येईल.

बाजारात एका मोबाइलच्या दुकानावरच्या माडीवर 'अभ्यासकेंद्र' होतं. २०१४ साली त्याने तिथे नाव घातलं. तीन वर्षांचे मिळून बेचाळीस हजार रुपये. त्यातले वीस आईने पाटल्या मोडून दिले. पुस्तकं म्हणून स्पायरल बांधणीच्या झेरॉक्स नोट्स मिळाल्या. परीक्षा त्याच माडीवर व्हायची आणि केंद्रवाला स्वतः बाकांमधून फिरत उत्तरं सांगायचा. भाऊ पहिल्या वर्गात पास झाला. त्या दिवशी घरी पेढे आले, पण तो स्वतः मात्र गप्प होता. पेपर कसा दिला हे त्याला ठाऊक होतं. आम्हाला वाटलं, दमला असेल.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. आमचा ट्रक अंगणात उभा राहिला, टायरांखाली गवत उगवलं. २०१९ साली भावाने पदवीधरांसाठीच्या एका सरकारी जागेला अर्ज केला. लेखी परीक्षेत तो खरोखरच चांगल्या गुणांनी पास झाला. ती त्याने रात्ररात्र जागून, स्वतःच्या बळावर दिली होती. कागदपत्र तपासणीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले होते. टेबलामागच्या बाईंनी पदवी उलटसुलट बघितली आणि शांतपणे विचारलं, "अभ्यासकेंद्र कुठे होतं?" त्याने गावाचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे मला स्पष्ट दिसलं.

त्यांनी जे सांगितलं ते आम्हाला पाच वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या खाजगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र काढायची परवानगी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, जून २०१३ मध्ये तशी जाहीर सूचनाही काढली होती. म्हणजे भावाने नाव घातलं त्याच्या आदल्या वर्षीच. विद्यापीठ खरं होतं, त्याची इमारत होती, कुलगुरू होते. पण गोव्यातल्या माडीवरून दिलेली त्याची पदवी या टेबलावर चालत नव्हती.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. मी तेव्हा एका हायस्कूलच्या ऑफिसात कंत्राटावर कारकून होते, बारावी पास. दाखले, गुणपत्रिका, बोनाफाइड हेच माझं रोजचं काम. कागद वाचणं हे माझं पोट आणि घरातलाच कागद मी कधी वाचला नव्हता. ते मला फार लागलं.

त्याच वर्षी शाळेत कळलं की माझी जागा पुढेमागे भरली जाईल, पण पदवी असली तर बरं. वय चौतीस, दोन मुलं, नवऱ्याची कमाई थांबलेली. कॉलेजला जाणं शक्य नव्हतं. दूरशिक्षणाशिवाय मार्ग नव्हता आणि दूरशिक्षण म्हटलं की घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते कपाट यायचं. आई म्हणाली, "पुन्हा त्या वाटेला जाऊ नको."

शेजारी एक निवृत्त हेडक्लार्क काका राहतात. सरकारी खात्यात तीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज छाननी केले. त्यांना विचारायला गेले तर कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, शिंपणं चाललं होतं. पाट बांधता बांधताच त्यांनी सांगितलं, "विद्यापीठ चांगलं की वाईट हे विद्यापीठवाल्याला विचारू नको. जो उद्या तुझा अर्ज बाजूला ठेवणार आहे त्याला विचार. तो काय बघतो ते आधी शिकून घे."

मी तेच केलं. भावाच्या वेळच्या त्या टेबलावर पुन्हा गेले. बाई ओळखीच्या झाल्या होत्या. त्यांनी मला दहा मिनिटं दिली, पण त्या दहा मिनिटांत मी जे शिकले ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. पदवीवरचं विद्यापीठ संसदेच्या किंवा विधानसभेच्या कायद्याने झालंय का, किंवा केंद्र सरकारने त्याला अभिमत दर्जा दिलाय का, हे त्या आधी बघतात. 'युनिव्हर्सिटी' असं नाव कुणीही पाटीवर लिहील, पण पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या यूजीसी कायद्याने ठरतो. मग दूरशिक्षणाची वेगळी परवानगी आहे का, आणि इथे बहुतेक जण फसतात. कारण ती परवानगी सरसकट विद्यापीठाला नसते. ती त्या अभ्यासक्रमाला असते आणि त्या त्या शैक्षणिक वर्षासाठी असते. एखाद्या विद्यापीठाच्या बी.ए.ला आहे, बी.एस्सी.ला नाही, किंवा गेल्या वर्षी होती, यंदा नाही, असं होऊ शकतं. यूजीसीचा दूरशिक्षण विभाग, ज्याला सगळे 'डेब' म्हणतात, त्याच्या संकेतस्थळावर वर्षवार यादी असते. आपण ज्या वर्षी नाव घातलं त्या वर्षाची यादी बघायची, आजची नव्हे. त्यानंतर बारावीनंतर तीन वर्षं हा क्रम नीट आहे का ते बघायचं. बी.ए. न करता थेट एम.ए. केलेल्यांचे अर्ज त्यांच्याकडे येत असत. मूळ पदवीशिवाय मिळवलेली एम.ए. चालणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आहे. त्या लोकांना परत पाठवताना आपल्यालाच चोरी केल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणाल्या.

निघताना मी विचारलं, "आणि बाई, तुमच्या मनात त्या विद्यापीठाबद्दल काय आहे, ते?" त्या म्हणाल्या, "मनातलं कागदावर लिहिता येत नाही. पण मुलाखतीला बसणारे मनातलंच बघतात."

म्हणजे कागद खरा असणं ही एक गोष्ट झाली आणि त्याला वजन असणं ही दुसरी. पहिली संकेतस्थळावर तपासता येते. दुसरी कशी तपासायची?

शनिवारी मी म्हापशाला गेले. बाजाराजवळच्या एका केंद्राची जाहिरात मी वर्तमानपत्रात पाहिली होती. भिंतीवर फ्रेम केलेली चार-पाच प्रमाणपत्रं. एक आयएसओचं होतं. आयएसओ कामकाजाच्या पद्धतीला मिळतं, त्याचा पदवीच्या मान्यतेशी काही संबंध नाही. दुसरं पत्र दूरशिक्षण परिषदेचं, म्हणजे 'डेक'चं, तारीख २००९ ची. ही परिषद २०१३ मध्येच विसर्जित झाली आणि तिचं काम यूजीसीकडे गेलं. बरखास्त झालेल्या परिषदेचं दहा वर्षांपूर्वीचं पत्र २०१९ मध्ये भिंतीवर मान्यतेचा पुरावा म्हणून टांगलेलं होतं. खाली कोचावर दोन मुली आईसोबत बसल्या होत्या, हातात कोरे फॉर्म घेऊन.

टेबलावरच्या तरुणाने फार प्रेमाने विचारपूस केली. बी.ए. पाहिजे की बी.कॉम., हॉटेल मॅनेजमेंटची डिग्रीपण आहे म्हणाला. गोव्यात हॉटेल मॅनेजमेंटला गिऱ्हाईक आहे हे त्याला माहीत होतं. हॉटेल मॅनेजमेंट, नर्सिंग, फार्मसी, वकिली, इंजिनिअरिंग या पदव्या दूरशिक्षणाने देताच येत नाहीत, हे मी आदल्या आठवड्यात वाचलं होतं. मी काही बोलले नाही. फक्त एक विचारलं, "परीक्षा कठीण असते का? मी सोळा वर्षांनी पुस्तक हातात धरणार."

तो हसून म्हणाला, "मॅडम, काळजीच करू नका. आमच्याकडे नापास कोणीच होत नाही."

हे वाक्य मी घेऊन बाहेर आले. जाताना त्या मुलींच्या आईला हळूच म्हटलं की पैसे भरायच्या आधी डेबची यादी बघा. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तसंच पाहिलं असतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणीच नापास होत नाही अशा परीक्षेत भाऊ पहिल्या वर्गात पास झाला होता आणि त्याची मान खाली होती. ज्या लेखी परीक्षेत शेकडो जण नापास झाले होते ती पास झाल्यावर मात्र त्याचे डोळे चमकले होते. वजन कशाला येतं हे त्याला आधीच कळलेलं होतं, आम्हाला उशिरा कळलं. म्हणून मी ठरवलं की विद्यापीठाचे पास झालेले विद्यार्थी शोधायचे नाहीत, त्यांचे फोटो तर प्रत्येक जाहिरातीत असतात. नापास झालेले शोधायचे.

गोव्याचं स्वतःचं मुक्त विद्यापीठ नाही. मनातून मला नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हवं होतं. ते १९८९ साली स्थापन झालं आणि मराठीतून शिकता येतं. माझ्या मावसबहिणीने सीमेपलीकडे दोडामार्गला राहून तिथून बी.ए. केलं. तिची पुस्तकं मी चाळली होती आणि आपल्या भाषेत राज्यशास्त्र वाचताना किती सोपं वाटतं ते अनुभवलं होतं. पण ते महाराष्ट्राचं विद्यापीठ आहे, त्याची केंद्रं महाराष्ट्रात. सीमा ओलांडून बहिणीचा पत्ता घालावा असं सुचवणारे दोघंतिघं भेटले. भावाचं झालेलं पाहिल्यावर खोट्या पत्त्यावर सुरुवात करायची माझी तयारी नव्हती. दुःख झालं, खरं सांगते. आमच्यासारखी चौथीपर्यंत मराठीत आणि पाचवीपासून इंग्रजीत शिकलेली गोव्यातली किती माणसं दोन्ही भाषांच्या मधे अडकलेली आहेत. त्यांना आपल्या भाषेतून पदवी घ्यायची सोय आपल्याच राज्यात असायला हवी.

राहिलं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, इग्नू. १९८५ च्या संसदेच्या कायद्याने झालेलं, म्हणून अधिकारक्षेत्र साऱ्या देशाचं. पर्वरीला त्याचं प्रादेशिक केंद्र आहे. डिचोलीहून म्हापसा, तिथून पणजीची बस पकडून पर्वरीला उतरायचं. मी सकाळी पोहोचले तेव्हा बाहेर सात-आठ जण उभे होते. त्यांत खाकी पोशाखातले एक कंडक्टर होते, पन्नाशीच्या पुढचे, ड्यूटीवरून थेट आलेले. मी विचारलं, कशाला आलात? म्हणाले, एक पेपर राहिलाय.

"कितव्यांदा?"

"हांव तिसरे खेपेक बसतां." मग हातातली फाइल सारखी करत म्हणाले, "पूण सोडचों ना."

मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. रागावलेले नव्हते, कुणाला दोष देत नव्हते. पेपर अवघड आहे, आपला अभ्यास कमी पडला, पुन्हा द्यायचा, इतकंच. त्यांच्या तोंडून मी विचारून घेतलं की पेपर कोण काढतं, कुठे तपासतात, वही केंद्रावर राहते की बाहेर जाते. माडीवरच्या परीक्षेत प्रश्न सांगणारा, बाकांमधून फिरणारा आणि फी घेणारा एकच माणूस होता. इथे ते सगळे वेगवेगळे होते. एखाद्या विद्यापीठाची पत जोखायला यापेक्षा चांगला प्रश्न मला आजवर सापडलेला नाही: शिकवणारा, फी घेणारा आणि तपासणारा एकच आहे का?

तरीही लगेच फी भरली नाही. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश नावाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. रात्री मुलं झोपली की मी मोबाइलवर इतिहासाचा एक पाठ उघडायची. पहिल्या दिवशी अडीच पानं झाली आणि डोळे मिटले. पाठात मधेमधे 'तुमची प्रगती तपासा' असे प्रश्न येतात. त्यांची उत्तरं जुन्या वहीत लिहून बघितली. पहिली चार उत्तरं अगदीच लंगडी होती. पाचवं जमलं. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही उघड्यावर आहेत, त्या तीन काढल्या. प्रश्न पाठ करून सुटणारे नव्हते, थोडा विचार करावा लागत होता. जे विद्यापीठ आपली पुस्तकं आणि आपले प्रश्न लोकांसमोर ठेवतं, त्याला लपवायचं कमी असतं. नाव घालायच्या आधी नमुन्याचा एक पाठ मागून बघा. दोन ठिकाणी मी मागितला होता, दोन्हीकडून 'फी भरल्यावर देऊ' हेच उत्तर आलं.

दुसरा हिशेब वेळेचा. एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास असं इग्नू धरतं. सहा क्रेडिटचा एक विषय म्हणजे एकशे ऐंशी तास. बी.ए.ची तेव्हा एकूण १३२ क्रेडिट होती, म्हणजे जवळजवळ चार हजार तास. मी कॅलेंडर घेऊन बसले. रोज दोन तास काढले तर पाच-साडेपाच वर्षं. मुभा होती, तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येत होती. पण मी हे आकडे नवऱ्याला दाखवले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "संध्याकाळची भाकरी मी बघतो." ट्रक उभा होता, हात रिकामे होते, तरी पुरुषाने चुलीपाशी उभं राहणं आमच्या गावात तेव्हा सोपं नव्हतं. हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

जुलै २०१९ च्या सत्रात नाव घातलं. विषय इतिहास आणि लोकप्रशासन.

अभ्यासाचे दिवस भराभर सांगते, कारण ते सगळ्यांचे सारखेच असतात. प्रत्येक विषयाचे स्वाध्याय हाताने लिहून द्यायचे, त्यांना तीस टक्के, लेखी परीक्षेला सत्तर. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधून झाल्यावर रात्री स्वाध्याय लिहिलेत. मग कोरोना आला, जून २०२० ची परीक्षा सप्टेंबरवर गेली, आणि तोंडावर मास्क लावून तीन तास पेपर लिहिला. एका पेपरात ३५ ला चार गुण कमी पडले. निकाल मोबाइलवर शाळेच्या ऑफिसातच बघितला. रडू आलं. पण दुपारपर्यंत मला कंडक्टरकाका आठवले आणि संध्याकाळी मी ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं. दुसऱ्या वेळी त्याच पेपरात ५८ मिळाले. माझ्या गुणपत्रिकेतला मला सगळ्यात प्रिय आकडा तोच आहे.

इथे मागे कुणी लागत नाही, हे मात्र नीट समजून घ्यावं. वर्गात मास्तर हजेरी घेतात, इथे घेत नाही कुणी. माझ्याबरोबर नाव घातलेल्या चौघी ओळखीच्या होत्या, त्यांतल्या दोघींनी दुसऱ्या वर्षी सोडलं. त्या माझ्याहून हुशार होत्या. एकीच्या घरी आजारपण, दुसरीला रात्रपाळी. दूरशिक्षणाची किंमत करताना फीच्या रकमेबरोबर हेही मोजावं की आपल्या घरात रोज दोन तास कोण देणार आहे.

२०२३ मध्ये पदवी हातात आली. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्ट केलं होतं की मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरावी. २०२१ मध्ये इग्नूला नॅक या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा 'ए डबल प्लस' दर्जाही मिळाला होता. मी यूजीसीच्या त्या सूचनेची प्रत काढून फाइलमध्ये ठेवली.

पदवी एकदा उपयोगी पडली आणि एकदा नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. पहिलाच प्रश्न, "रेग्युलर की बाहेरून?" बाहेरून म्हटल्यावर पुढचे प्रश्न फक्त शिष्टाचाराचे होते. सूचनेची प्रत दाखवून मनं वळत नाहीत. दुसरीकडे, एका अनुदानित शाळेत, समितीतल्या एका सरांनी गुणपत्रिका हातात घेतली आणि विचारलं, "हा पेपर पहिल्यांदा गेला होता का?" मी हो म्हटलं. "मग पास कशा झालात?" मी जसं घडलं तसं सांगितलं. पुस्तक पुन्हा काढलं, रोज पहाटे साडेचारला उठले, मागच्या सहा प्रश्नपत्रिका लिहून काढल्या. ते म्हणाले, "मीही तिथूनच एम.ए. केलं, नोकरी करता करता." ती नोकरी मला मिळाली. कागदपत्रं तपासायला गेली तेव्हा मी घाबरले नाही. भावाच्या वेळचं टेबल डोळ्यांसमोर होतं, पण छातीत धडधड नव्हती.

माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाला आखातात बढतीसाठी पदवी दाखवायची होती, तेव्हा आणखी एक बाजू कळली. प्रमाणपत्र आधी राज्यात साक्षांकित होतं, मग परराष्ट्र मंत्रालयात, मग त्या देशाच्या दूतावासात. आणि काही ठिकाणी विद्यापीठाला थेट विचारतात की शिक्षण वर्गात बसून झालं की दूरस्थ. म्हणजे परदेशी जायचं मनात असेल तर तिथला मालक आणि तिथलं सरकार काय धरतं, ते नाव घालायच्या आधी विचारावं. काकांचाच नियम, फक्त टेबल समुद्रापलीकडचं.

आता ओळखीचे लोक माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी नणंदेची मुलगी आली, तिला मानसशास्त्रात एम.ए. दूरशिक्षणाने करायचं होतं. एका केंद्रवाल्याने तिला सांगितलं होतं की यंदाही चालू आहे. आम्ही दोघी शोधायला बसलो तर कळलं की मानसशास्त्र, आहारशास्त्र अशा आरोग्याशी जोडलेल्या विषयांना जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षणात प्रवेश देऊ नये असं यूजीसीने सांगितलंय. तिची फी वाचली. ती हिरमुसली, पण दुसऱ्या दिवशी समाजकार्याची पुस्तकं उघडून बसली.

२०२४ च्या सप्टेंबरपासून आणखी एक चांगली सोय झाली आहे. प्रवेशाच्या आधी विद्यार्थ्याने स्वतः डेबच्या संकेतस्थळावर जाऊन आपला डेब-आयडी काढायचा, तो त्याच्या क्रेडिट बँकेच्या, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जिथे जमा होतात त्या, खात्याला जोडलेला असतो. आयडीशिवाय प्रवेश नाही. त्यामुळे निदान एकदा तरी विद्यार्थी त्या सरकारी पानावर जातो आणि मान्यतेची यादी त्याच्या डोळ्यांसमोर येते. २०१४ साली हे असतं तर आईच्या पाटल्या तिच्या हातात असत्या. आयडी केंद्रवाल्याला काढायला देऊ नका, स्वतः काढा. आधार आणि मोबाइल हाताशी ठेवून बसलं तर अर्ध्या तासाचं काम आहे.

भावाचा डेब-आयडी आम्ही गेल्या वर्षी काढला. तो आता पणजीत एका दुकानात हिशेब बघतो. त्याने नाव घातलं ते बारावीच्या गुणपत्रिकेवर, पुन्हा पहिल्या वर्षापासून. कपाटातला कागद फॉर्मला जोडायचा प्रश्नच नव्हता. फॉर्म भरताना 'या आधीचं शिक्षण' या रकान्यापाशी त्याचा हात थांबला, मग त्याने 'बारावी' लिहिलं आणि पुढे गेला. पुस्तकं मी माझीच दिली.

काल रात्री त्याचा फोन आला. पहिल्या पुस्तकातल्या तिसऱ्या पाठाचा शेवटचा प्रश्न त्याला सुटत नव्हता. त्या प्रश्नाशेजारी माझ्या पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह होतं.

"ताई, हे तुलापण कळलं नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हटलं. "थांब, चष्मा घेऊन येते. वाच बघू मोठ्याने."